वशिलेसरांचं गणित

शाळेत नवीन आलेल्या एका मुलीची आई पहिल्याच आठवड्यात चौकशीला आली होती. लांबलचक व्हरांड्यात तिने समोरून येणाऱ्या उंच, किंचित पोक काढून चालणाऱ्या माणसाला थांबवलं आणि अगदी अदबीने विचारलं, "नमस्कार, वशिले सर ना तुम्ही? माझी मुलगी तुमच्याच वर्गात आहे."

मागे पाण्याची टाकी भरत असलेल्या शिपायाला एकदम खोकल्याची उबळ आली.

"हो, मीच," सर म्हणाले. "बोला ना."

"वशिले म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही? आडनाव कधी ऐकलं नव्हतं."

"मूळ तसं एका गावचं नाही," सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "पण कुठल्याही कचेरीत जा, आमच्यातला एक तरी सापडतोच."

ती बाई समाधानाने मान हलवून गेली. शिपाई बराच वेळ नळाला धरून हसत राहिला आणि सरही त्याच्याबरोबर हसले. आता हसता येत होतं. सुरुवातीला हे नाव कानावर आलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. कारण ते आडनाव नव्हतंच. पोरांनी ठेवलेलं नाव होतं ते, आणि पोरांनी ते उगाच ठेवलं नव्हतं.

मास्तर होण्याआधी सर काय करत होते, तर बोलत होते. तेच त्यांचं काम. त्यांचे सख्खे मामा गावचे पुढारी. नगरपालिकेच्या शिक्षण समितीचे ते अध्यक्ष, आणि तिथे त्यांचाच शब्द चालायचा. निवडणूक आली की टेम्पोवर कर्णे बांधले जायचे आणि आत भाचा माईक धरून बसायचा. आवाज असा खणखणीत, की दुपारी डोळा लागलेली माणसं दचकून उठायची आणि तरीसुद्धा मत द्यायची. निवडणुका नसल्या की भाचा घरी बसून पुढच्या निवडणुकीची वाट बघायचा. इतिहासाची पदवी कशीबशी पदरात पडली होती, तिच्यावर धूळ साचत होती. आई भावाच्या मागे लागली होती.

"दादा, याचं काहीतरी बघ रे. घरी बसून बसून पोरगं खुर्चीच्या आकाराचं व्हायला लागलंय."

दादांनी बघितलं. एका सकाळी त्यांनी शाळेच्या हेडमास्तरांना फोन लावला, तब्येतीची विचारपूस केली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि हो, ती तुमच्याकडची मास्तरची जागा. आमचा भाचा येतोय."

"मामा, पण ती जागा गणिताची आहे," भाचा घाबरून म्हणाला. "माझा विषय इतिहास."

"मग?" मामा म्हणाले. "गणितालाही इतिहास असेलच की. आणि आवाज आहे ना तुला? पोरांना आवाज लागतो."

शाळा बस डेपोच्या मागच्या अंगाला होती. एके काळी तिथे प्रवेश मिळावा म्हणून लोक जिवाचं रान करायचे. सरांची आई तिथेच शिकलेली. भाजी निवडता निवडता ती अजूनही एकोणतीसचा पाढा धडाधड म्हणून दाखवायची. आता त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत पक्षाच्या सभांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचून ठेवलेल्या होत्या. खेळाचे मास्तर दुसऱ्या एका पुढाऱ्याचे मेहुणे. गुडघे दुखत असल्यामुळे ते मैदानाच्या कडेला बसूनच शिट्टी वाजवायचे. चित्रकलेच्या बाईंना तर फारसं कोणी पाहिलंच नव्हतं. मस्टरवर त्यांची सही मात्र रोज असायची, आणि तेवढाच त्यांच्या चित्रकलेचा नमुना शाळेला माहीत होता.

हेडमास्तर सज्जन होते आणि भित्रे होते. पहिल्या दिवशी त्यांनी नव्या मास्तरांना चहा पाजला आणि म्हणाले, "काळजी करू नका. आपल्याकडे कोणी नापास होत नाही."

"इतकी हुशार आहेत मुलं?"

"छे हो. नापास केलं की वरून विचारणा होते. विचारणेला खुलासा द्यावा लागतो. खुलाशावर परत विचारणा. त्यापेक्षा पास केलेलं सोपं पडतं."

पहिल्या तासाला अपूर्णांक होते. सरांनी सवयीने "माझ्या विद्यार्थी मित्रांनो" अशी सुरुवात केली. शेजारच्या दोन वर्गांतली मुलंही बोलायची थांबली. मग त्यांनी पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर उतरवलं. दोन भागिले अर्धा, बरोबर चार. दुसऱ्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली.

"सर, भागल्यावर वाढलं कसं?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं. खरंच, वाढलं होतं. इतकी वर्षं हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"पुस्तकात तसंच आहे."

"ते दिसतंय सर. पण का?"

"उद्या सांगतो."

उद्या सरांचं डोकं दुखलं. परवा त्यांनी वर्गाला स्वच्छतेवर भाषण दिलं. भाषण झकास झालं, टाळ्याही पडल्या. टाळ्या थांबल्यावर चष्मेवाली पुन्हा उभी. "सर, ते भागल्यावर वाढायचं राहिलंय."

त्यानंतर लवकरच एका सकाळी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: वशिले सर. सरांनी डस्टर घेऊन पुसलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग त्यांनी पुसणं सोडून दिलं. घरी आईने विचारलं, "कशी काय आहे रे शाळा?" तर म्हणाले, "मुलांचं अक्षर छान आहे."

शेवटी चष्मेवालीने सरांची आशाच सोडली आणि स्वतःच उत्तर शोधून आणलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात तिने सरांना गाठलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच सांगायचं होतं.

"सर, मला कळलं. तुम्हाला सांगू? दोन मीटर दोरी घ्यायची आणि तिचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे करायचे. किती झाले? चार. भागणं म्हणजे कमी करणं नाही. हे त्याच्यात किती वेळा बसतं, ते बघणं."

सर तिथेच उभे राहिले. घंटा झाली, पोरं आजूबाजूने पळत वर्गात गेली, तरी ते उभेच. त्यांच्या डोक्यात गंजलेली खिडकी करकरत उघडावी तसं काहीतरी झालं होतं. लाज वाटायला हवी होती, पण आधी झाला तो निव्वळ आनंद. एवढं सोपं होतं? मग आपल्याला कोणी का नाही सांगितलं?

"कोणी शिकवलं तुला हे?"

"क्लासच्या बाईंनी. इस्त्रीच्या दुकानावर असतो त्यांचा क्लास."

इस्त्रीच्या दुकानाशेजारून एक अरुंद लोखंडी जिना वर जात होता. वरच्या खोलीत भिंतीला एक जुना दरवाजा आडवा ठोकून काळा रंगवला होता, तोच फळा. खालून वाफ आणि ओल्या कपड्यांचा वास यायचा, त्यामुळे थंडीच्या दिवसांत खोली छान उबदार असे आणि उन्हाळ्यात मुलं अर्धी शिजायची. बाई मध्यम वयाच्या, चणीने लहान. खडू धरून धरून त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायमची पांढरट झाली होती.

"प्रवेश हवा होता," सर दारातून म्हणाले.

"मुलाला घेऊन या. आधी त्याला काय येतं ते बघते."

"मुलाला नाही. मलाच हवाय."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय करता तुम्ही?"

"लाउडस्पीकरचं काम," सर म्हणाले. त्यात अगदीच खोटं काही नव्हतं.

"आणि काय येतं तुम्हाला?"

"दोन भागिले अर्धा. कालपासून."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी सरांना सकाळच्या तुकडीत घेतलं. त्या तुकडीत सगळी दुसऱ्या शाळांची मुलं होती, त्यामुळे ओळख निघायची भीती नव्हती. सर शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. मुलांना त्यांची फार मजा वाटे. बाई मात्र सवलत देत नसत. "मागचे मोठे विद्यार्थी, छेद समान केलात का? मग नुसते माना काय डोलावताय?" सरांना घाम फुटायचा. पण सकाळी जे कळायचं ते दुपारी वर्गात जाऊन सांगेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. आवाज तर होताच. आता त्या आवाजात सांगायला काहीतरी आलं. ते दोरी घेऊन वर्गात जाऊ लागले. व्हरांड्याच्या फरश्या मोजून क्षेत्रफळ शिकवू लागले. चष्मेवाली पुन्हा त्यांना प्रश्न विचारू लागली. कधी कधी सर "उद्या सांगतो" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचे. पोरं चकित व्हायची.

हे असं सुरळीत चाललं असताना एका सकाळी चष्मेवाली क्लासच्या दारात उभी राहिली. संध्याकाळी तिला दवाखान्यात जायचं होतं म्हणून त्या दिवसापुरती ती सकाळी आली होती. तिने शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि तिचा चष्मा नाकावर घसरला.

"सर! तुम्ही इथे?"

"सर?" बाई म्हणाल्या.

"हो, हे आमचे गणिताचे सर. डेपोमागच्या शाळेतले."

बाईंनी तास पूर्ण केला. एकदाही त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं नाही. मुलं जिना उतरून गेल्यावर त्या खडूचे तुकडे गोळा करत राहिल्या. सर उभे होते, पण बाक इतका लहान होता की नीट उभंही राहता येत नव्हतं.

"त्या जागेसाठी मी मुलाखत दिली होती," बाई म्हणाल्या. "माझं नाव पहिलं होतं. हेडमास्तरांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. निघताना मी तुमच्या वर्गात डोकावून आले. केवढा मोठा फळा आहे तो! या टोकापासून त्या टोकापर्यंत. मनात म्हटलं, यावर एक अख्खं प्रमेय एका दमात मांडता येईल." त्यांनी खडू डब्यात टाकले. "मग कळलं, कोणाचा तरी भाचा आला."

सर कसेबसे बाकातून बाहेर आले.

"मी राजीनामा देतो," ते म्हणाले. "आजच."

"आणि मग?"

"मग तुम्ही..."

"मग तुमचे मामा दुसरा भाचा आणतील. त्याला भागाकार तरी येत असेल का, कोण जाणे." बाईंना राग आला होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. "तुमच्यावर मी इतके दिवस मेहनत घेतली आहे, ती फुकट घालवायची? काही राजीनामा-बिजीनामा नको. त्या मुलांना कोणीतरी शिकवायलाच हवं. बसा खाली. आणि उद्यापासून पहिल्या बाकावर बसायचं. मागे बसून तुम्ही डुलक्या काढता."

सर पहिल्या बाकावर बसायला लागले. बाई आठवडाभर त्यांच्याशी उदाहरणांपलीकडे एक अक्षर बोलल्या नाहीत. मग एके दिवशी सरांनी एक प्रमेय त्या मोठ्या फळ्यावर कसं मांडलं ते हात पसरून सांगितलं, आणि बाई न राहवून म्हणाल्या, "आकृती डावीकडे काढायची हो, उजवीकडे नाही. लिहिताना हात आड येतो." तिथून बोलणं सुरू झालं.

वर्षअखेरीस सरांनी पेपर खरोखर तपासले. निम्मा वर्ग नापास झाला. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी मामांचा फोन.

"अरे, आपल्या कार्यकर्त्याच्या पोरीला तू नापास केलंस?"

"नापास नाही मामा. तिला अजून येत नाही एवढंच. सुट्टीत शिकवतो, परत परीक्षा घेतो."

"तुला तिथे बसवला कशाला मी?"

"शिकवायलाच ना?"

मामांनी फोन ठेवून दिला. या प्रश्नाचं खरं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. सुट्टीत सरांनी सगळ्यांना पुन्हा शिकवलं, त्या कार्यकर्त्याच्या मुलीलाही, आणि बहुतेक मुलं पास झाली. मुलांनी नाव मात्र बदललं नाही. नाव एव्हाना जिभेवर बसलं होतं.

पुढे शाळेतले एक जुने शिक्षक निवृत्त झाले आणि गणिताची आणखी एक जागा निघाली. सर जिना धडाधड चढत बाईंकडे गेले. बाई ऐकूनच घेईनात.

"एकदा फळा बघून आले तेवढं पुरे. आता कोणाची तरी सून येणार आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

ते खरं होतं. पक्षाच्या चिटणिसांची सून ठरलेली होती.

"तरी पण या," सर म्हणाले.

"तुम्ही माझ्यासाठी वशिला लावणार असाल, तर मी पाऊलही टाकणार नाही. सांगून ठेवते."

"वशिला नाही लावणार. मी फक्त खुर्च्या लावणार."

बाईंना अर्थ कळला नाही. सरांनीही फोड करून सांगितलं नाही.

नियम असा होता की उमेदवाराने एक पाठ घेऊन दाखवायचा. आजवर तो हेडमास्तरांच्या खोलीत, समितीच्या सदस्यांसमोर, चहा-बिस्किटांबरोबर उरकला जायचा. सर हेडमास्तरांकडे गेले.

"नियमात काय लिहिलंय, सर? पाठ कुठे घ्यायचा?"

"वर्गासमोर," हेडमास्तर म्हणाले. "पण वर्ग कोण बोलावतंय इथे?"

"मी बोलावतो. आणि त्याच दिवशी पालकसभा ठेवू. हॉलमध्ये."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्याही निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. "मामा काय म्हणतील?"

"त्यांना मी सांभाळतो."

"तुम्ही सांभाळणार? बरं मग," हेडमास्तर म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांत प्रथमच त्यांनी एका बैठकीत निर्णय घेतला.

सरांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढून, धुऊन हॉलमध्ये मांडल्या. मग त्यांनी प्रचाराचा जुना टेम्पो मागून घेतला. त्याच्यावर मामांचा हात जोडलेला मोठा फोटो होता, तो काढायला काही त्यांना सवड झाली नाही. आणि त्या खणखणीत आवाजात गल्लोगल्ली पुकारा झाला: "आपल्या मुलांना कोण शिकवणार, हे आपल्या डोळ्यांनी बघायला या! दार सगळ्यांना उघडं! आपली शाळा, आपला हॉल!"

रविवारी सकाळी मामा मोटारीतून उतरले, तर हॉल गच्च भरलेला. माणसं व्हरांड्यात उभी होती, खिडक्यांना लटकली होती. मामांना बघून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"साहेब, मानलं तुम्हाला!" पुढे बसलेले एक गृहस्थ म्हणाले. "असा उघड कारभार कोण करतं आजकाल?"

मामांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा खुर्च्या सरळ करण्यात दंग होता. मामा मुरलेले पुढारी. त्यांनी क्षणभरच श्वास रोखला आणि मग दोन्ही हात जोडून चारी दिशांना हसले.

आधी चिटणिसांच्या सूनबाई आल्या. वयाने लहान, चेहरा पांढराफटक. त्यांनी फळ्यावर 'टक्केवारी' असा शब्द लिहिला, मग त्याच्याखाली एक रेघ मारली, मग आणखी एक. पुढे बसलेली मुलं वाट बघत होती. कोणीतरी मागे खुदकन हसलं. सरांना हसू आलं नाही. ते रेघा ओढणं त्यांना चांगलं ओळखीचं होतं. ते पाण्याचा पेला घेऊन पुढे गेले आणि हळूच म्हणाले, "सावकाश. घाई काही नाही."

सूनबाई पाणी प्यायल्या, त्यांनी खडू खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला हे येत नाही. आणि मला शिक्षिका व्हायचंही नाही. सासरे म्हणाले म्हणून आले." मग त्या खाली जाऊन बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. चिटणीस चपला शोधत असल्यासारखे खाली वाकून राहिले. लोकांनी, का कोण जाणे, तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

मग बाई आल्या. हॉलच्या भिंतीवरही वर्गातल्यासारखाच लांबलचक फळा होता; त्याच्यासमोर उभ्या राहून त्यांनी आधी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहून घेतला. मग मुलांना विचारलं, "अर्ध्याचं अर्धं म्हणजे किती?" मुलं चाचपडली. बाई वळल्या त्या थेट पहिल्या रांगेतल्या मामांकडे.

"अध्यक्षसाहेब, जरा मदत करा मुलांना. समजा तुमच्या वॉर्डातल्या निम्म्याच लोकांनी मतदान केलं. त्यातली निम्मी मतं तुम्हाला पडली. तर वॉर्डातल्या किती लोकांनी तुम्हाला मत दिलं?"

"निम्म्या!" मामा छाती फुगवून म्हणाले.

"पाव!" मुलं एका सुरात ओरडली. चष्मेवाली तर खुर्चीवर उभी राहिली होती. "पाव लोकांनी! बाकीचे घरी बसले, नाहीतर दुसऱ्याला देऊन आले!"

हॉल हसण्याने दणाणून गेला. मामा आधी लाल झाले, आणि मग स्वतःच पोट धरून हसायला लागले. हसण्याशिवाय इलाजही नव्हता. बाईंनी त्यानंतर एका वर्तुळाचे तुकडे करून सगळं मांडून दाखवलं. खिडकीला लटकलेले बाप्येसुद्धा माना हलवत होते. पाठ संपला तेव्हा निवड करायला काही उरलंच नव्हतं. मामांनी माईक मागून घेतला आणि "या समितीने नेहमीच गुणवत्तेला मान दिला आहे" असं एक भाषण ठोकलं. भाच्याने ते मान खाली घालून ऐकलं. ते चांगलं भाषण होतं, आणि त्यातली काही वाक्यं पूर्वी त्यानेच टेम्पोवर म्हटलेली होती.

घरी गेल्यावर मामांनी बहिणीला फोन केला. "तुझा मुलगा माझ्यासाठी मेला," ते म्हणाले.

"बरं," आई म्हणाली. "जेवायला कधी येतोस?"

मामा बरेच दिवस आले नाहीत. दरम्यान बऱ्याच गोष्टी झाल्या. बाई शाळेत रुजू झाल्या आणि त्यांनी इस्त्रीच्या दुकानावरचा क्लास बंद केला. त्यांच्या पहिल्या वर्षी शाळेचा निकाल चांगलाच खाली आला, कारण आता दोघे जण पेपर खरोखर तपासत होते. पालक चिडले; काहींनी मुलं दुसरीकडे घातली. ज्यांनी हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांतलेही काही होते. बाईंना ते लागलं. सर म्हणाले, "मी इथे लागलो तेव्हा निकाल अगदी वर होता. त्यावरूनच काय ते समजा." पुढच्या वर्षी निकाल थोडा सावरला. सगळाच काही नाही.

चिटणिसांच्या सूनबाईंची सोय मात्र झाली. शाळेत जमलं नाही, म्हणून त्यांना शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीत लावलं. एके दिवशी त्या चक्क तपासणीला म्हणून शाळेत आल्या. सर आणि बाई एकमेकांकडे बघायला लागले. सूनबाईंनी वर्ग पाहिले, मोकळी झालेली प्रयोगशाळा पाहिली आणि चहा घेताना म्हणाल्या, "मला गणित येत नाही, हे निदान मला माहीत आहे. माझ्या वरच्यांना तेवढंही माहीत नाही. बोला, काय हवंय तुम्हाला?" बाईंनी प्रयोगशाळेचं सामान सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं आलं.

सरांनी मधल्या काळात शिक्षकांची पात्रता परीक्षा दिली. कोणी दे म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा ते आपटले. हे त्यांनी स्वतः वर्गात जाऊन सांगितलं, तेव्हा वर्गाने त्यांना सुट्टीत परत परीक्षा घेण्याचं आश्वासन दिलं. दुसऱ्यांदा ते पास झाले. बाईंनी काठावरचे गुण बघून नाक मुरडलं, पण त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चहा त्यांनीच सांगितला.

आणि एका रविवारी मामा बहिणीकडे आले. दारात चपला काढल्या, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले, भाच्याकडे न बघता वर्तमानपत्र उघडलं. आईने काही झालंच नव्हतं अशा थाटात चहा ठेवला. वर्तमानपत्राआडून चहाचे घोट ऐकू येत होते.

"काय म्हणते शाळा?" वर्तमानपत्र म्हणालं.

"बरी आहे, मामा."

"तुमच्याकडे ग्रंथपालाची जागा निघतेय म्हणे."

"निघतेय."

"आमच्या ड्रायव्हरचा साडू आहे. मुलगा सालस आहे." वर्तमानपत्र थोडं खाली आलं. "हेडमास्तरांना फोन करणारच होतो. मग म्हटलं, आधी तुझ्या कानावर घालावं."

"पाठवा की," सर म्हणाले. "वाचायची आवड आहे ना त्याला? लोकांसमोर दोन-चार पुस्तकांबद्दल बोलू दे. हॉल मोकळाच आहे. खुर्च्या मी लावतो."

मामा विचारात पडले. कप बशीत ठेवून त्यांनी तो दोनदा गोल फिरवला.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याला बँकेत बघतो कुठेतरी."

आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. सरांनी मामांचा कप पुन्हा भरला, स्वतःचा भरला, आणि टेबलावर पडलेले सहामाहीचे पेपर पुढे ओढून तपासायला बसले.